मावळातील बांधकामे आणि मजुराचा जीव

(एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



पावसाळ्यात पुण्याहून मुंबईकडे निघालेली गाडी खंडाळा सोडून घाट उतरू लागली की डब्यातील निम्मे प्रवासी खिडकीशी येतात. बोगद्यामागून बोगदा, मधूनच नागफणीचा सुळका, कड्यांवरून कोसळणारे धबधबे. मुले बोगदे मोजू लागतात. हे बोगदे कोणी खोदले, असा प्रश्न त्या डब्यात सहसा निघत नाही. निघालाच तर 'इंग्रजांनी' असे उत्तर देऊन तो मिटवला जातो. इंग्रजांनी आराखडे काढले, कंत्राटे दिली आणि हिशेब ठेवले हे खरेच आहे. पहार आणि घण मात्र दुसऱ्यांच्या हातात होते. मावळात आज जी बांधकामे चालली आहेत आणि त्यांवर जे मृत्यू होत आहेत, त्यांचा विचार या घाटापासूनच सुरू करावा लागतो. कारण दीडशे वर्षांपूर्वी इथे जे घडले, त्यातील पुष्कळसे आजही तसेच घडते आहे.

बोरघाटाचे काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी मार्ग आखला होता आणि कंत्राट विल्यम फॅविएल यांच्याकडे होते. सुमारे पावणेसोळा मैलांची चढण, १,८३१ फुटांची उंची, २५ बोगदे आणि ८ मोठे दगडी पूल असा हा सगळा पसारा. दगड सह्याद्रीचा काळा पाषाण. यंत्रे जवळजवळ नव्हतीच. हाताने भोक पाडायचे, त्यात दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळायचे. जिथे पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे माणसांना कड्यावरून दोरांनी खाली सोडले जाई. १८६१ च्या सुमारास या घाटावर चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. त्यांत बायका होत्या, मुले होती. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. तोवर किती माणसे मेली याची नीट मोजदाद कोणी ठेवली नाही. संशोधकांच्या लेखनात चोवीस हजारांच्या आसपासचा अंदाज वारंवार येतो. आकडा थोडा कमी धरला तरी काय फरक पडतो? एवढ्या माणसांत एखाद्या तालुक्याची गावेच्या गावे बसतील.

आता खरा प्रश्न. ही माणसे कशाने मेली? मनात येतात ते सुरुंग, दरडी आणि तुटलेले दोर. त्यांनी बळी घेतलेच. पण सर्वांत जास्त माणसे नेली ती पटकी, हगवण आणि तापाने. डोंगराच्या उतारावर दाटीवाटीने घातलेल्या झोपड्या, उन्हाळ्यात आटलेले पाणी, प्यायचे आणि धुवायचे एकच डबके. कड्याला लटकून दिवसभर सुरुंग लावणारा माणूस रात्री झोपडीत परतल्यावर मरत होता. त्याला मारणारी गोष्ट खडकात नव्हती. ती कंत्राटात न लिहिलेल्या गोष्टींत होती. पाणी, निवारा, वैद्य यांपैकी काहीही पुरवण्याची जबाबदारी कोणावर पक्की केलेली नव्हती.

मजुरीचीही तीच कथा. मुख्य कंत्राटदार, त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्याच्याखाली मुकादम आणि सर्वांत शेवटी मजूर. पैसे वरून निघत आणि वाटेत जिरत. १८५९ च्या जानेवारीत मजुरीच्या प्रश्नावरून घाटात दंगल उसळली. सरकारला चौकशी नेमावी लागली. त्यापाठोपाठ १८६० साली मालक-मजूर तंट्यांचा कायदा आला. त्यात मजुरीचा तंटा झटपट सोडवण्याची सोय होती, आणि काम अर्धवट टाकणाऱ्या मजुराला शिक्षेची तरतूदही होती. फॅविएल यांनी त्याच वर्षी, म्हणजे १८५९ मध्ये, कंत्राट सोडले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आले आणि काही आठवड्यांतच आजाराने वारले. मग त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी दोन अभियंत्यांच्या साहाय्याने काम तडीस नेले. साथीने साहेब आणि मजूर असा भेद केला नाही, एवढाच याचा अर्थ. साहेबाचे नाव तेवढे कागदावर राहिले.

एक गोष्ट आणखी. याच मार्गावरचा एक दगडी पूल १८६७ च्या पावसाळ्यात कोसळला. मार्ग खुला होऊन तेव्हा पुरी पाच वर्षेही झाली नव्हती. माणसाच्या जिवाची जिथे हयगय होते, तिथे चुन्याचीही होते. दोन्हींची मुळे एकच असतात : घाई, काटकसर आणि देखरेखीचा अभाव.

घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगर शिंग्रोबाचे देऊळ जुन्या रस्त्यावर आहे, आणि गाडीवाले आजही तिथे नाणे टाकून पुढे जातात. लोकांनी आपल्या माणसाची आठवण आपल्या पद्धतीने ठेवली. बोगदे खोदणाऱ्या हजारोंच्या वाट्याला तेवढेही आले नाही. कोकण रेल्वेने मात्र काम करताना मरण पावलेल्यांसाठी रत्नागिरीला श्रमशक्ती स्मारक उभारले, याची नोंद आदराने घ्यायला हवी.

बोरघाटानंतर मावळात बांधकाम थांबलेच नाही. १९११ पासून टाटांच्या जलविद्युत योजनेची लोणावळा, वळवण आणि शिरोटा येथील धरणे झाली. पुढे पवना धरण झाले. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. २०१९ साली खोपोली ते कुसगाव या सुमारे तेरा किलोमीटरच्या जोडरस्त्याचे काम सुरू झाले. त्यातील जवळजवळ नऊ किलोमीटरचा बोगदा थेट लोणावळ्याच्या तलावाखालून काढला आहे. अशा मोठ्या कामांवर सुरक्षा अधिकारी असतो, शिरस्त्राणे असतात, निदान नियमांची पाटी तरी असते. म्हणून तिथे सारे आलबेल आहे असे नव्हे. १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसवणारे यंत्र कोसळले आणि २० जण मृत्युमुखी पडले. तेही मोठेच काम होते.

तरीही मावळापुरती अधिक काळजी लहान कामांची आहे. तुंगार्ली, कुसगाव, मळवली, कार्ले, पवनाकाठ, कामशेत या पट्ट्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभे राहिलेले बंगले, छोटी हॉटेले, सोसायट्या. तळेगाव-वडगावकडची गृहसंकुले आणि कारखान्यांच्या शेड. तिथे एक ठेकेदार, एक मुकादम आणि पंधरा-वीस माणसे असतात. कोणी मराठवाड्यातून आलेला, कोणी उत्तर कर्नाटकातून, कोणी बिहार किंवा झारखंडहून. त्यांतला एखादा पडला तर ती वृत्तपत्राच्या आतल्या पानावरची चार ओळींची बातमी होते, आणि कित्येकदा तीही होत नाही.

या ठिकाणी माणूस कसा मरतो, ते थोडे तपशिलात पाहणे आवश्यक आहे. 'अपघात' हा शब्द फार सोयीचा आहे. त्या शब्दाने सगळे दैवावर ढकलता येते.

पहिले कारण म्हणजे उंचीवरून पडणे. बांधकामावरील मृत्यूंचे हे जगभर सर्वांत मोठे कारण आहे. परांचीला फळ्या अपुऱ्या, बाहेरच्या बाजूला कठडा नाही, बांबूच्या गाठी गेल्या वर्षीच्या सुंभाच्या. लिफ्टसाठी ठेवलेली पोकळी उघडी; तिच्या तोंडावर प्लायवुडचा तुकडा टाकलेला आणि अंधारात त्यावर पडलेला पाय. कमरेचा पट्टा दिला जातो, पण तो अडकवायचा कशाला, हे कोणी सांगत नाही. पट्ट्याचा हुक अडकवण्यासाठी घट्ट ताणलेला दोर नसेल, तर तो पट्टा केवळ तपासणी अधिकाऱ्याला दाखवण्यापुरता असतो.

दुसरे कारण सेंट्रिंग. ओल्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे अडीच टन. ते सारे वजन खालच्या टेकूंवर असते. टेकू ओळंब्यात नसतील, त्यांना आडवे बांध नसतील, किंवा खालची जमीन नुसत्या भरावाची असेल, तर एक टेकू सरकतो आणि बाकीचे त्याच्यामागे जातात. २९ जुलै २०१६ रोजी पुण्यात बालेवाडीला असाच वरच्या मजल्यावरचा स्लॅब कोसळून नऊ मजूर खाली गेले. ओतताना जेवढी भीती असते, तेवढीच काढतानाही असते. भारतीय मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवस आणि सहा मीटरपेक्षा लांब तुळईचे २१ दिवस ठेवले पाहिजेत. प्रत्यक्षात टेकू भाड्याने आणलेले असतात, आणि भाडे दिवसावर चढते. मग चौदाचे दहा होतात आणि दहाचे आठ. ही बचत किती? कधी कधी एका बंगल्यामागे काही हजार रुपये.

तिसरे कारण मावळात विशेष बळावते. ते म्हणजे माती आणि पाणी. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तीसेक किलोमीटरवरच्या तळेगावला त्याच्या निम्मासुद्धा पडत नाही. हा सारा पाऊस चार महिन्यांत येतो. इथल्या डोंगरात काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये तांबड्या मातीचे पट्टे असतात आणि वर मुरूम. कोरडा असताना मुरमाचा उभा छेद भिंतीसारखा ताठ उभा राहतो, आणि म्हणूनच तो फसवतो. एप्रिलमध्ये खोदलेला दहा फुटांचा खड्डा दोन महिने हलला नाही म्हणून मुकादम निर्धास्त होतो. जूनच्या पहिल्या सरीत तोच काठ पाणी पितो, जड होतो आणि बसतो. एक घनमीटर मातीचे वजन दीड ते दोन टन भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस, तोंड मोकळे असूनही, गुदमरतो. कारण छातीला फुलायला जागाच राहत नाही. म्हणूनच दीड मीटरहून खोल चराला आधार द्यावा किंवा त्याच्या कडा उतरत्या कापाव्यात, असे मानक सांगते. काढलेली माती काठावरच रचू नये हेही सांगते. मावळात किती चरांना आधार दिसतो, हे रस्त्याने जाता-येता कोणालाही पाहता येईल.

डोंगर कापून बंगल्यासाठी सपाट जागा करायची तर मागे भिंत बांधावी लागते. त्या भिंतीमागे साचलेले पाणी बाहेर पडायला भोके हवीत, भोकांमागे खडीचा थर हवा. तो थर दिसत नाही, म्हणून तो वगळला जातो. मग एखाद्या मुसळधार रात्री भिंत मातीबरोबर पाण्याचाही रेटा सोसू लागते. आणि त्या भिंतीच्या आडोशाला कोणाची पत्र्याची खोली असते? मजुरांची. कारण वारा-पावसापासून आडोसा तिथेच मिळतो, आणि जागा मोकळी तिथेच असते.

कोंढव्यात नेमके असेच घडले. २९ जून २०१९ च्या पहाटे दीडच्या सुमारास एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामाच्या जागेत कोसळली. पायथ्याशी मजुरांच्या झोपड्या होत्या. १५ जण गेले. त्यांत मुलेही होती. अवघ्या तीन दिवसांत आंबेगाव बुद्रुकला तशीच भिंत पडून सहा जणांचे प्राण गेले. कोंढव्यातील माणसे कामावर नव्हती, ती झोपली होती. बोरघाटातील झोपड्यांची आठवण इथे होतेच. मजूर किती वाजता कोणते काम करतो एवढेच पाहून भागत नाही, तो कुठे झोपतो हेही पाहावे लागते.

आणि तो कधी झोपतो, हेही. येरवड्याला ३ फेब्रुवारी २०२२ रोजी सळ्यांची जाळी कोसळून पाच मजूर दगावले, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. शहापूरची दुर्घटना मध्यरात्रीची. दिवसभर राबलेल्या माणसाकडून मुदत गाठण्यासाठी रात्री काम करून घ्यायचे आणि मग चूक त्याच्या माथी मारायची, ही रीत सर्वत्र रुळली आहे. 'बेल्ट लावला नव्हता', 'दारू प्यायला होता' ही वाक्ये पंचनाम्याआधीच तयार असतात.

कायदे नाहीत असे नाही. १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला आणि त्याबरोबर बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर आला. महाराष्ट्राचे नियम २००७ चे. म्हणजे अकरा वर्षे गेली. उपकर गोळा झाला, पण १९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला खेदाने नमूद करावे लागले की देशभर ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमले असताना खर्च सुमारे ९,५०० कोटींचाच झाला. पैसा होता, मजूर होता. दोघांची गाठ पडत नव्हती. कारण नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज वडगावला, उद्या वापीला काम करणाऱ्याला तो देणार कोण? नोंदणी असेल तर कामावर मृत्यू झाल्यास महाराष्ट्राच्या मंडळाकडून कुटुंबाला ५ लाख रुपयांचे साहाय्य मिळते. नोंदणी नसेल तर मुकादम गाडीभाडे देतो, आणि प्रेत गावी जाते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९९६ चा कायदा त्यांत सामावला गेला. यात एक बारीक गोष्ट मावळाने लक्षात घ्यावी अशी आहे. स्वतःच्या राहण्यासाठी केलेले काम व्याख्येबाहेर ठेवण्याची मर्यादा पूर्वी दहा लाख रुपये होती. सामाजिक सुरक्षा संहितेत ती पन्नास लाख आहे. घर बांधणाऱ्या कुटुंबाला हा दिलासा आहे, हे मान्य. पण पन्नास लाखांच्या आतल्या बंगल्यावर राबणारा गवंडीही तेवढ्याच उंचीवरून पडतो. तिथे निरीक्षक येण्याची शक्यता आधीच कमी होती, आता ती आणखी कमी झाली. अशा घराच्या कामावर मजुराच्या जिवाची काळजी घेणारा एकच माणूस उरतो, आणि तो म्हणजे घराचा मालक.

हा मालक कोण असतो? पुण्या-मुंबईतला डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, परदेशातील मुलाने पैसे पाठवलेले आई-वडील. सुसंस्कृत, देवधर्म करणारी माणसे. भूमिपूजन यथासांग होते, वास्तुशांत होते. मधल्या काळात मात्र 'सगळे ठेकेदाराकडे सोपवले आहे' हे वाक्य पुरेसे वाटते. चौरस फुटाचा दर ठरवताना घासाघीस होते, त्या घासाघिशीत परांचीच्या फळ्या आणि टेकूंचे दिवस कापले जातात, हे त्यांना कोणी सांगत नाही. ठेकेदारही सांगत नाही, कारण त्याला काम हवे असते.

दर ठरवतानाच हे लिहून घेता येते. परांची, कठडे, जाळ्या, पट्टे यांची रक्कम वेगळी दाखवावी आणि ती घासाघिशीतून वगळावी. टेकू किती दिवस ठेवायचे ते करारात असावे आणि ते अभियंत्याच्या लेखी परवानगीशिवाय काढू नयेत. मजुरांच्या खोल्यांची जागा मालकाने स्वतः पाहावी. ती भिंत, खोदाई आणि विजेची तार यांपासून दूर असावी, तिथे पाण्याची टाकी आणि शौचालय असावे. हजेरीपटात प्रत्येकाचे पूर्ण नाव, गाव आणि घरच्या माणसाचा दूरध्वनी असावा. कित्येक कामांवर मुकादमाच्या वहीत नुसते 'छोटू' आणि 'बिहारी' असते. माणूस गेल्यावर त्याच्या घरी कळवायचे कोणाला, याचाही शोध घ्यावा लागतो.

हे सारे अशक्य आहे असे वाटणाऱ्यांनी दोन उदाहरणे पाहावीत. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधला गेला. त्याच्या खाली सुरक्षेसाठी जाळे बांधले होते आणि त्या जाळ्याने १९ जणांचे प्राण वाचवले. अकरा माणसे तरीही गेली. त्यांतील दहा एकाच दिवशी, जेव्हा तुटून पडलेल्या पाटाने ते जाळेच फाडले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचे क्रीडासंकुल तर एकाही मजुराचा मृत्यू न होता उभे राहिले. तिथली माती निराळी नव्हती, लोखंड निराळे नव्हते. काम सुरू होण्याआधी, कोण कशाला जबाबदार हे ठरलेले होते.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, विश्वकर्मा जयंतीला साईटवर नारळ फुटतो. भारतीय मजदूर संघ ती जयंती राष्ट्रीय श्रमिक दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी थापी-ओळंब्याला फुले वाहताना परांचीचे दोर, पट्ट्यांचे हुक आणि मिक्सरच्या वायरी एकदा हाताने ओढून पाहिल्या, आणि सडलेला दोर तिथेच जाळून टाकला, तर पूजेत काही उणे येणार नाही. एकेका गावात चार-पाच कार्यकर्त्यांनी ठरवले, तर ग्रामपंचायतीच्या हद्दीत कुठे खोदकाम चालू आहे आणि कुठे भिंतीखाली खोल्या आहेत याची यादी दोन रविवारी होते. मजुरांच्या नोंदणीचे अर्ज भरून देणे, ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून मिळवून देणे, बँकेचे खाते उघडून देणे ही कामे कंटाळवाणी आहेत. त्यांची छायाचित्रे छापून येत नाहीत. पण एखादी विधवा तान्हे मूल घेऊन वडगावच्या कचेरीत उभी राहते, तेव्हा तिच्याजवळ तो एक कागद असणे किंवा नसणे यावर पुढची वीस वर्षे ठरतात.

आणि हे मे महिन्यातच करावे लागते. मावळात पावसाआधीचे पंधरा दिवस सर्वांत घाईचे असतात : पाया भरून घ्यायचा असतो, स्लॅब टाकून मोकळे व्हायचे असते, रात्री हॅलोजन लावून काम चालते. मृगाच्या पहिल्या पावसानंतर काठांची तपासणी करून मग काय उपयोग? तपासणी वैशाखात व्हावी, जमीन कोरडी असताना, आणि ज्या भिंतीबद्दल शंका आहे तिच्याखालच्या खोल्या त्याच दिवशी हलवाव्यात.